जेवणानंतर बिघडणारे क्रिस्टल

आता काय सांगू तुम्हाला! माझ्या हातून एक घोळ असा झाला की त्याची आठवण आली तरी अजून चहा कडू लागतो. तुम्ही हसणार, माहीत आहे मला. हसा. माझं काय उरलंय आता?

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत आमचं एक छोटंसं युनिट होतं. क्वार्ट्झ क्रिस्टल बनवायचो आम्ही. घड्याळात, टेलिफोनमध्ये असतो ना, एवढासा पत्र्याचा डबा, त्याच्या पोटात स्फटिकाची पातळ चकती? तो. प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी मोजायची. बरोबर आली तर ‘ए’च्या ट्रेमध्ये, थोडी हुकली तर ‘बी’त, फारच हुकली तर रिजेक्ट. हे मोजायचं आणि निवडायचं काम माझं. दिवसभर! तांदूळ निवडणारी बाईसुद्धा मधे खिडकीबाहेर बघते हो, मला तीही सोय नव्हती.

चकती डब्यात सील करायचं काम नलिनीताईंचं. त्या मखमलाबादच्या. घरी झेंडूचा मळा, पण दोन वर्षं पावसाने फुलांची माती केलेली. तेव्हा घर चालायचं ते ताईंच्या पगारावर. हे साऱ्या युनिटला ठाऊक होतं. मलाही होतं. म्हणून तर जास्त बोचतं.

तर एक दिवस लक्षात आलं की सकाळचा माल झकास आणि जेवणानंतरचा माल रिजेक्ट!

एखाद्या दिवशी नव्हे, रोज. सकाळी ‘ए’चा ट्रे भरभरून, आणि जेवून येऊन बसलो की तासभर नुसतं रिजेक्ट, रिजेक्ट, रिजेक्ट. मग हळूहळू गाडी रुळावर यायची. मी आधीच रडका माणूस. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी गॅस संपेल का, याची काळजी करणारा. मला वाटलं, संपलं. युनिट बुडणार.

पण नुसतं रडून कसं चालेल? डिप्लोमा केलेला माणूस मी. डोकं चालवलं! चकतीला बोटाचं तेल लागलं तरी फ्रिक्वेन्सी घसरते, हे पुस्तकात वाचलं होतं. सकाळी ठीक, जेवणानंतर वाईट. म्हणजे काय? तेलकट हात!

गेलो साहेबांकडे. साहेब म्हणजे आमचे मालक, देवभोळे आणि घाबरट.

“साहेब, नलिनीताईंचा डबा.”

“डब्याचं काय?”

“ठेचा असतो त्यात. तेलातला.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवसापासून ताईंचा ठेचा बंद.

“आता कोरडी भाकर खाऊ का मी?” ताई म्हणाल्या.

“थोडे दिवस, ताई. मालाचा प्रश्न आहे.”

त्यांनी कोरडी भाकरी खाल्ली. साबणाने तीनतीनदा हात धुतले. हातमोजे घातले. तरी जेवणानंतरचा माल रिजेक्टच! मग मी म्हटलं, जेवणानंतर सुस्ती येते, हात ढिला पडतो. झालं! ताई दुपारचं जेवणच सोडून बसल्या. चहावर दिवस काढायच्या. मी मात्र समोर बसून भरल्या पोटी त्यांचे क्रिस्टल नापास करत होतो.

“भाऊ, मी लय जपून करते हो,” एकदा त्या हळूच म्हणाल्या. “माझं काय चुकतंय ते तरी सांगा.”

मी मान हलवली, डॉक्टर लोक हलवतात तशी.

शेवटी साहेबांनी त्यांना घरी बसायला सांगितलं. ताईंनी ॲप्रन काढून घडी घालून ठेवला. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. नुसत्या गेटकडे चालत गेल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त बरं वाटलं, की चला, सुटला एकदाचा प्रश्न.

कसला सुटतोय! त्यांच्या हाताखालची मुलगी त्यांच्या जागी बसवली, तर तिचा दुपारचा मालसुद्धा रिजेक्ट. साहेब म्हणाले, “शिंदे, आता?”

मी काय उत्तर दिलं असेल? म्हणालो, “साहेब, तिला नलिनीताईंनीच शिकवलंय ना!”

अशातच मुंबईहून गिऱ्हाईक कंपनीचे इन्स्पेक्टर आले. काळा चष्मा, कमी बोलणं. मी त्यांना म्हटलं, “सकाळचा माल बघा आणि मग जेवणानंतरचा बघा, म्हणजे आमचं दुखणं कळेल.” त्यांची नेमकी संकष्टी. ते म्हणाले, “मी जेवणार नाही. इथेच बसतो.” आता पाहुणा उपाशी बसल्यावर मी कुठला डबा उघडतोय? मीही बसलो.

दीड वाजला, दोन वाजले. दुपारचा माल आला. पहिला क्रिस्टल लावला. ‘ए’. दुसरा, ‘ए’. दहावा, ‘ए’!

अहो, साहेबांचा चेहरा फुलत चालला आणि माझा पडत चालला. देवाशपथ सांगतो, मी मनात नवस बोललो. वणीच्या देवीला म्हटलं, आई, एक तरी बिघडू दे! ट्रे भरला, पण देवीने काही ऐकलं नाही.

“दुखणं कुठंय?” इन्स्पेक्टरांनी विचारलं.

“आज कसं कोण जाणे...” मी घाम पुसला.

“जा, जेवून या आधी.”

मी उठलो. आणि उठताना रोजच्यासारखा हात गेला. पंखा बंद, टट्! दिवा बंद, टट्! फ्रिक्वेन्सी मोजायचं मशीन, काउंटर, बंद, टट्!

त्या बिनखिडकीच्या खोलीत इन्स्पेक्टर अंधारात बसले होते. पंखाही नाही.

“हे काय केलंत?”

“बंद केलं. उगाच वीज कशाला जाळायची?” मी जरा ऐटीतच म्हणालो. वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते, कडक शिस्तीचे. खोलीतून बाहेर पडताना बटण चालू राहिलं, तर घरात जेवण मिळायचं नाही.

“रोज बंद करता? जेवायला जाताना?”

“रोज! एक दिवस चुकत नाही.”

त्यांनी चष्मा काढला. “अहो, हे मशीन तापायला तास लागतो. तोवर त्याचं मोजमापच चुकतं. क्रिस्टल बिघडत नव्हते, तुमची मोजणी बिघडत होती.”

सकाळी साहेब लवकर येऊन, उदबत्ती लावून, सगळी मशिनं चालू करायचे. मी येईपर्यंत काउंटर तापलेला. जेवायला जाताना मी त्याला थंड करायचो आणि परत येऊन नलिनीताईंना दोष द्यायचो!

साहेब फक्त म्हणाले, “शिंदे, मखमलाबादला जा.”

गेलो. ताई मळ्यात गवत काढत होत्या. मी बांधावर उभा राहून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. विळा चालूच होता.

“म्हंजे मी उपाशी राह्यले ते...”

“हो.”

“आन्‌ तुम्ही जेवायला जायचे म्हणून व्हायचं ते.”

“हो ताई. चला परत. साहेबांनी बोलावलंय.”

“नाय भाऊ. सातपूरच्या कंपनीत लागले मी सोमवारपासून. तिथं ठेचा चालतो.”

दोन वर्षांत बाहेरचा स्वस्त माल बाजारात आला आणि आमच्या युनिटचं शटर पडलं. मी महिनोन्‌महिने अर्ज घेऊन फिरलो. एकदा सातपूरला मुलाखतीला गेलो, तर मॅनेजरच्या शेजारी सुपरवायझर म्हणून कोण? नलिनीताई! मी दारातूनच वळायला लागलो.

“थांबा,” त्या म्हणाल्या. मग मॅनेजरकडे वळून म्हणाल्या, “साहेब, घ्या यांना. माणूस वाईट नाय. लय इमानदार हाय, दांडी मारत नाय. फक्त जिथं कशाचंबी बटण यांच्या हाताला येईल, तिथं बसवू नका.”

नोकरी लागली. बारा वर्षं झाली, मी खोक्यांना चिकटपट्टी लावतोय.