कोपऱ्यातला कप

मॅच चालू असली की पडद्यावर बावीस खेळाडू, एक चेंडू आणि एक शिट्टीवाला असतो. आपला साक्षीदार यातलं काहीही बघत नसे. तो बघायचा पडद्याचा खालचा उजवा कोपरा.

तिथे एक चहाचा कप असायचा. नखाएवढा, पांढरा. मॅच दाखवायचे हक्क ज्या कंपनीने घेतले होते तिचीच ही युक्ती. हॉटेलासाठीचं महागडं कनेक्शन घेतलं की पडद्यावर कप उमटतो; घरचं स्वस्तातलं कनेक्शन आणून हॉटेलात लावलं की कोपरा रिकामा. घरच्या माणसांपुरतं घेतलेलं खोलीभर गिऱ्हाइकांना दाखवायचं आणि त्यावर चहा खपवायचा, ही कंपनीच्या हिशेबी चोरी होती आणि कायद्याच्याही. म्हणून कंपनीने वकीलबाई नेमल्या आणि वकीलबाईंनी हा नेमला. त्याने गिऱ्हाईक होऊन जायचं, काहीतरी मागवायचं, मेसेज वाचतोय असं भासवत पडद्याचा फोटो काढायचा आणि पुढे कोर्टात ‘मी तिथे होतो, मी पाहिलं’ असं शपथेवर सांगायचं. ऑफिसात त्याला सगळे साक्षीदारच म्हणत. नाव फक्त पगाराच्या वेळी लागे.

वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “एका ठिकाणी दोनदा जायचं नाही. चेहरा ओळखीचा झाला की तुम्ही माझ्या कामातून गेलात.”

ऐकायला नियम साधा आहे. पण माणसं ओळखीची होतात ती दुसऱ्या खेपेपासूनच. गावभर हिंडून, इतक्या टेबलांवर बसूनही ‘नेहमीचंच ना?’ असं विचारणारा एक वेटर या गृहस्थाच्या नशिबी आला नव्हता. बाकीची माणसं काम संपवून घरी गेल्यावर एकटी पडतात. हा पगार घेऊन एकटा होता, आणि घरी गेल्यावर बिनपगारी.

परगावची ताई अधूनमधून फोन करायची. “मजा आहे बाबा तुझी. मॅच फुकट, खाणं फुकट. कालचा गोल काय होता रे तो!”

“हं. भारी होता.”

“कोणी मारला सांग.”

“निळ्यांनी.”

“काल निळे खेळतच नव्हते, शहाण्या.” मग ती विषय बदलायची. “एक फोटो तरी पाठव तुझा. किती दिवसांत तोंड बघितलं नाही.”

त्याच्या फोनमध्ये फोटोंचा ढीग होता. सगळे कोपऱ्यांचे. माणूस एकातही नव्हता.

नियम त्याने एकाच जागी मोडला. बस डेपोच्या मागे एक अरुंद हॉटेल होतं, पाच टेबलांचं. पहिल्या खेपेला तो कामावरच गेला होता. कप जागेवर होता, तक्रारीला जागा नव्हती, विषय संपला होता. पण सुट्टे परत देताना मालक सहज म्हणाला, “पुढच्या रविवारी जरा लवकर या हं. फायनल आहे, नंतर बसायला मिळायचं नाही.”

आपण न आल्याचं कुणाच्या तरी लक्षात येईल, ही कल्पना त्याला आठवडाभर पुरली. रविवारी तो लवकर गेला. मग जातच राहिला.

काय करता, असं विचारल्यावर त्याने विम्याचं काम सांगितलं. विमा म्हटलं की माणसं पुढचा प्रश्न विचारत नाहीत, एवढी अक्कल त्याला होती. प्रश्न आले नाहीत. टोपणनाव मात्र आलं. महिन्याभरात मालक ‘या’वरून ‘ये’वर आला आणि समोरचा न्हावी, स्टँडवरचा टॅक्सीवाला त्याला पॉलिसी म्हणायला लागले.

“काय पॉलिसी, आज कोणाला मारून आलास?”

“मारायला कशाला पाहिजे,” न्हावी म्हणायचा. “हा नुसता बोलायला लागला तरी माणूस झोपतो. झोपेतच सही घेत असेल.”

“तुझ्या खुर्चीत झोपलेल्याचे कान जातात, त्याचं बघ,” टॅक्सीवाला म्हणायचा, आणि साक्षीदार हसायचा. आठवड्यातून एकदाच, पण पोटभर.

मग एका शुक्रवारी वकीलबाईंचा फोन आला. डेपोमागच्या हॉटेलाची तक्रार होती. रविवारी जाऊन बघायचं.

“तिथे कप आहे,” तो पटकन बोलून गेला.

“होता. आता नाही असं म्हणतात. तुम्ही बघा, मग रीतीप्रमाणे दुसरा जाईल.”

प्रत्येक जागी दोन साक्षीदार जात, वेगवेगळ्या दिवशी. दुसरा कोण, हे पहिल्याला सांगत नसत. म्हणजे याने डोळे मिटले तरी दुसऱ्याचे उघडेच राहणार होते. आणि कोर्टकचेरी सुरू झाली की पाच टेबलांचं हॉटेल किती टिकतं, हे त्याने बाहेरून पुष्कळदा पाहिलं होतं. शटर ओढलेलं असे आणि नावाची पाटी तेवढी उतरवलेली.

रविवारी कोपरा रिकामा होता. टीव्हीच्या मागून एक वायर छताकडे जाऊन खिडकीतून वर गेली होती. आणि पुढच्या खुर्चीत मालकाची आई बसली होती.

“वरचं, घरचं कनेक्शन खाली ओढलंय,” मालक मोठी अक्कल लढवल्यासारखा सांगत होता. “आईची मालिका बुडते. म्हणून ती खाली येते आणि मॅचवाल्यांना शिव्या घालते.”

“तो शिट्टीवाला कोणाचा जावई आहे रे?” म्हातारीने विचारलं. “सारखा त्यांच्याच बाजूने फुंकतोय.”

सगळे हसले. साक्षीदाराने फोन खिशातून काढला नाही. मध्यंतराला मालक आत कप विसळायला गेला, तसा हा मागोमाग गेला.

“ती वायर काढ. आजच. आणि हॉटेलचं कनेक्शन परत घे.”

“परवडत नाही रे. आणि कोण बघतंय?”

“बघतात. एक माणूस येतो, तुझ्याकडे चहा पितो आणि जातो. मग नोटीस येते, मग कोर्ट.”

“तुला रे कसं माहीत?”

“माझं काम आहे ते.”

“तुझं काम विम्याचं.”

“नाही.”

मालकाने नळ बंद केला. “म्हणजे इतके दिवस तू…”

“फक्त पहिल्या दिवशी. तेव्हा तुझं सगळं नीट होतं. नंतर मी नुसता मॅच बघायला यायचो.”

“मॅच?” मालक म्हणाला. “तू कधी बघितलीस मॅच? आम्ही आपसांत म्हणायचो, याचं लक्ष असतं तरी कुठे.”

मालकाने ओले हात पुसले, आणि मग म्हणाला, “सांगितलंत ते बरं केलंत.” तो ‘तुम्ही’ त्याच्या तोंडून इतका सहज आला की त्याला स्वतःलाही कळलं नसेल.

सोमवारी साक्षीदाराने वकीलबाईंना सांगून टाकलं. तिथे माझी ओळख आहे, मला यातून वगळा.

“दोनदा गेलात?”

“बऱ्याचदा.”

त्या रागावल्या नाहीत. “तो भाग दुसऱ्याकडे देते,” एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी तो गेला तेव्हा कप जागेवर आला होता. वायर गेली होती आणि घरचं कनेक्शन परत वर गेल्यामुळे म्हातारीही वरच होती. टॅक्सीवाला पुढच्या खुर्चीतून उठला. “या ना साहेब, इथून नीट दिसतं.”

“नको, तू बस.”

“नाही नाही, बसा.”

तो बसला. चहा न मागता आला, खाली बशी होती. या हॉटेलात बशा आहेत हे त्याला आजच कळलं.

न्हाव्याने खाकरून विचारलं, “बाकी, काम बरं चाललंय ना?” त्याच्या दुकानातही आरशाशेजारी छोटा टीव्ही होता.

टॅक्सीवाल्याने खुर्ची जरा जवळ ओढली. “एक विचारू का? टॅक्सीत गाणी लावलेली चालतात ना? म्हणजे पॅसेंजर बसलेला असताना?”

“मी फक्त मॅचचं बघतो.”

“हो हो. सहज विचारलं.”

न्हाव्याला एरवी एवढ्यावर तीन विनोद सुचले असते. आज त्याने मान हलवली आणि पडद्याकडे बघितलं.

साक्षीदारानेही बघितलं. कोपऱ्याकडे नव्हे, मधोमध, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एका पोराने चेंडू सगळ्यांना चुकवून जाळ्यापर्यंत आणला आणि समोर कोणी नसताना आभाळात मारला. एरवी इथे त्या पोराच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आज पाचही टेबलं चहा ढवळत राहिली. त्याला स्वतःलाच काहीतरी ओरडावंसं वाटलं, पण काय ओरडतात ते नेमकं आठवेना.

मध्यंतर व्हायच्या आत तो उठला.

“का हो, निघालात?” मालकाने विचारलं.

“जरा काम आहे.”

“बरं. येत चला.”

त्याने पैसे पुढे केले. मालक नको नको म्हणत राहिला, तेव्हा ते बशीत ठेवून तो बाहेर पडला.

डेपोच्या भिंतीपाशी पोचतो तोच मागे आरडाओरडा झाला. एक खुर्ची पडली. तो वळला. इथून टीव्ही दिसत नव्हता, काचेतून फक्त पाठी दिसत होत्या. टॅक्सीवाला न्हाव्याच्या पाठीत धपाटे घालत होता. मालक हातातलं फडकं फिरवत काहीतरी म्हणाला आणि सगळं हॉटेल फुटल्यासारखं हसलं.

कोणी गोल मारला असेल, याचा तो खरोखरच विचार करत होता. हसणं ओसरेपर्यंत तिथे उभा राहिला, आणि मग बस लागली होती तिकडे चालू लागला.