चार माणसांत हाक

नांदेडच्या दवाखान्यात नर्स म्हणाली, "काका, नाव घेऊन हाक मारा. काकू डोळे उघडत नाहीत, पण आवाज कळतो त्यांना." पलंगाभोवती आमच्या दोन्ही लेकी, जावई, कंधारहून आलेला मेव्हणा. म्हणजे चार माणसं झालीच. मी घसा खाकरला, बायकोच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "अगं ए... ऐकलं का?" नर्सनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कपाटाला हाक मारली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ही गेली. त्याला आता दीड महिना होईल.

माझ्या फजित्या लातूरच्या अडत बाजारात सगळ्यांना पाठ आहेत, कारण त्या मीच सांगत फिरतो. बायकोचं नाव न घेणं ही मात्र मी फजिती मानत नव्हतो, रीत मानत होतो. लग्नात घास भरवताना "नाव घ्या, नाव घ्या" असा गलका झाला, तेव्हा मी अख्खी जिलबी तोंडात कोंबून काहीतरी पुटपुटलो. पाव्हण्यांनी टाळ्याही वाजवल्या. पुढं "अगं", "ऐकलं का", लेकी झाल्यावर "थोरलीची माय", एवढ्यावर संसार आरामात चालला. रस्त्यानं मी पुढं, ती मागं. वळून बघायची गरजच नाही, चपलांचा आवाज येत राहायचा.

चीनला गेलो ते डाळमिलसाठी यंत्र बघायला. डाळीतला काळा दाणा कॅमेऱ्यानं हेरून हवेच्या फुंकरीनं बाजूला उडवणारं यंत्र. हिला सोबत नेलं, कारण धाकटीनं दम दिला होता, "मायला नेत नसाल तर तुमी बी जाऊ नका." एका सकाळी हॉटेलजवळच्या बागेत निघालो. आपल्याकडं म्हातारी माणसं बागेत बाकावर बसून सुनांची गाऱ्हाणी सांगतात. तिथली म्हातारी माणसं चाबकानं फटाफट भोवरे फिरवत होती. कोणी पिसांचं फूल पायानं उडवत होतं, कोणी झाडाला पिंजरा टांगून पाखराचं गाणं ऐकत होतं. एक आजोबा लांब दांड्याचा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढत होते, आणि ती वाळली की पुन्हा काढत होते. मी बघत बघत पुढं. सवयीनं पुढंच. एक गोष्ट तेवढी डोक्यात आली नाही. हिनं या प्रवासासाठी मऊ तळव्याचे बूट घेतले होते, त्यांचा आवाजच येत नव्हता.

वळून बघितलं तर ही नाही! थंडी म्हणून साडीवर लेकीचा पार पोटरीपर्यंतचा फुगीर कोट चढवलेला, आणि बागेतली प्रत्येक बाई तसल्याच कोटात, तेवढ्याच उंचीची. पोतंभर डाळीतून एक दाणा हेरणारं यंत्र घ्यायला आलेला मी, मला बायको हेरता येईना. "अगं ए!" ओरडलो. पलीकडं बाया कर्ण्यावर गाणं लावून रांगांनी नाचत होत्या, त्यात ते विरून गेलं. "ऐकलं का!" एका म्हाताऱ्यानं भोवरा थांबवून मला चाबूकच देऊ केला. हिच्याकडं फोन नव्हता, हॉटेल कोणतं तेही तिला सांगता आलं नसतं. आणि तरीही, मराठी कळणारं एक माणूस नसलेल्या त्या बागेत, मला लाज वाटली. इकडंतिकडं बघून घेतलं, डोळे मिटले आणि हिच्या नावानं बोंब ठोकली.

नाचणाऱ्या बायांच्या मधल्या रांगेतला एक कोट वळला. हातात कुणीतरी दिलेला लाल पंखा.

"आवं, काय वरडून राहिले? चार माणसांत नाव घेतलं माझं!"

"इथं कोणाला कळतंय?"

"मला कळलं की." पंखा तोंडासमोर धरून ती हसली. "अजून एकदा म्हना."

"घरी गेल्यावर."

घरी यंत्र आलं, बसलं, काळे दाणे उडवू लागलं. हिनं मधूनमधून आठवण केली, "काय तरी म्हननार होते तुमी." मी म्हणायचो, "म्हनू की, मी कुठं पळून चाललो?" खरंच, मी कुठंच पळालो नाही...

आता घराजवळच्या बागेत सकाळी एकटाच फिरतो. तिचे बूट दाराशी आहेत तसेच आहेत. चीनहून आल्यापासून वळणावर थांबून मागं बघायची सवय लागली होती, कारण त्या बुटांचा भरवसा नव्हता. अजून थांबतो. परवा आसपास कोणी नाही असं बघून नाव घेतलं, चांगलं मोठ्यानं. तर मेंदीच्या कुंपणाआड वाकून बुटाची नाडी बांधणारे एक अनोळखी गृहस्थ उभे राहिले. "कोण, नात हाय का?" आणि मी, पांढऱ्या मिशांचा गडी, म्हणालो, "हाव... नात."

खरं सांगायला मागं फिरलो नाही. म्हणून इथं लिहून राहिलो. आणि या लेखातही वरपासून 'ही', 'हिचं' करत टाळतच आलो, ते तुमच्या लक्षात आलं असेल. आता तोंडात जिलबी नाही. हे छापून आलं की चार माणसांत होईलच. नाव घेतो...

प्रयाग.