मॅनेजर बघण्याचा कार्यक्रम

आधी मुद्द्याचं सांगतो, कारण माझ्या वयाच्या माणसाने मुद्दा शेवटी ठेवणं धोक्याचं असतं. आमच्या गावच्या फुटबॉल क्लबचा मॅनेजर व्हायला आमच्या जुन्या गोलकीपरने नकार दिला नव्हता. 'तुमच्या चिखलात आता मी पाय घालत नाही' असं तर तो अजिबात म्हणाला नव्हता. ते वाक्य माझं आहे. विरारहून गावाकडे परत येताना रिक्षात बसून मी ते तयार केलं. चांगलं जमलं होतं, म्हणूनच इतकी वर्षं टिकलं.

जत्रेच्या दिवशी माझं हे एकदा सांगून झालं आहे, पण त्या दिवशी सगळं गाव तिथे नव्हतं. बरेचजण विरारला, मिरा रोडला, कोणी तर आखातात राहतात. त्यांच्याकडे अजून जुनीच हकीकत चालू आहे. म्हणून लिहितो.

आमचं गाव जूचंद्रच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. क्लब मोठा. मोठा म्हणजे एके काळी वसईपासून विरारपर्यंत कुठल्याही मैदानावर आमचे निळे-पिवळे शर्ट उतरले की समोरचा कप्तान नाणेफेक जिंकूनही उदास व्हायचा. आमचं स्वतःचं मैदान खाजणाला लागून आहे. पावसाळा संपून महिना झाला तरी एका कोपऱ्यात चिखल राहतोच. बाहेरचे संघ त्या कोपऱ्याला घाबरत. आमची पोरं त्यातच मोठी झालेली, त्यामुळे तिथून आमचे निम्मे गोल व्हायचे.

मग आम्ही हरायला लागलो. आधी मोठ्या क्लबांकडून, मग लहानांकडून, आणि शेवटी एका नव्या गृहसंकुलाच्या संघाकडून. त्यांचा गोलकीपर अर्धा वेळ मोबाइलवर बोलत होता. त्याला दुसरं काही कामच नव्हतं.

तोवर आमच्या गावात कोच हा शब्द मागे पडून मॅनेजर हा शब्द आला होता. पोरं शनिवार-रविवार परदेशातले सामने बघायची. तिथे क्लब हरला की मॅनेजरला काढतात हे सगळ्यांना पाठ झालं होतं. आम्हीही काढायला सुरुवात केली. एकाने मुंबईहून लॅपटॉप आणला आणि चिखलाचा कोपरा त्यात दाखवता येत नाही म्हणून तो पडद्यावरून काढूनच टाकला. दुसऱ्याने ऐन श्रावणात पोरांना रोज उकडलेली अंडी खायला सांगितली. त्याला कमिटीने काढलं नाही. पोरांच्या आया मैदानावर आल्या, आणि तो स्वतःच गेला.

तेव्हा सगळ्यांना आठवला आमचा गोलकीपर. गावचाच मुलगा. लग्नानंतर घर विकून विरारला फ्लॅटमध्ये गेलेला. तिथे शाळेत खेळाचा शिक्षक होता, आणि त्याच्या शाळेची पोरं भल्याभल्यांना हरवत होती. त्याला आणायचं ठरलं. प्रश्न एवढाच, की विचारायला कोणी जायचं.

माझं नाव पुढे आलं, कारण गावातली निम्मी लग्नं मी जमवलेली. आमच्याकडे कुठलीही महत्त्वाची गोष्ट विचारायची तर ती स्थळ बघायला गेल्यासारखीच विचारतात, मग ती जमीन असो, बैल असो की मॅनेजर. कमिटीतून अध्यक्ष, खजिनदार आणि मी असे निघणार होतो. पण मागणी घालायला तिघांनी जायचं नसतं.

"तिगाडा नको," अध्यक्ष म्हणाले. "आपुन दोघं जाऊ, दादा."

"म्हंजे मी नको?" खजिनदार म्हणाले. हे त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, कारण अध्यक्षांशी त्यांचं बांधावरून बोलणं बंद होतं.

शेवटी दोघांनीही माघार घेतली आणि मी एकटा गेलो. तिथेच चूक झाली. दोघं गेलो असतो तर खोटं बोलायला निदान दुसऱ्याची संमती लागली असती.

या कामाचे नियम असतात. जाऊन लगेच विषय काढायचा नाही. पाऊस, भाताचा भाव, कोणाचं आजारपण, असं करत राहायचं. समोरच्याला सगळं ठाऊक असतं, तरी तोही काढत नाही. मग खाणं होतं, चहा होतो, आणि यजमान हळूच विचारतो, "आज इकडे कसं काय येणं केलंत?" हे दार आहे. ते उघडलं की आपण आत शिरायचं.

त्या रविवारी त्याच्या घरी पोचलो तर त्याच्या बायकोने कांदेपोहेच पुढे ठेवले. मी मनात म्हटलं, शकुन उत्तम आहे. तो इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसला होता. गावच्या गप्पा निघाल्या. क्लबचे सगळे सामने त्याने पाहिले होते, मागे उभं राहून, कोणाला न सांगता.

"काका, एक विचारू? तो सात नंबरचा पोरगा कोणाचा?"

"का?" मी म्हटलं.

"नाही, म्हणजे काय खेळतो तो! चेंडू गेला की मग धावतो. पंगत उठल्यावर हात धुऊन आलेल्या वऱ्हाड्यासारखा. त्याला घेतो कोण?"

त्याची बायको हसली. मी पोह्यातला शेंगदाणा चावत राहिलो. सात नंबर माझा नातू होता. मुलीचा मुलगा, लहानपणापासून आमच्याकडेच वाढलेला. आडनाव वेगळं, त्यामुळे याला माहीत असायचं कारण नव्हतं. आणि त्याला घेतो कोण, तर मी. संघनिवडीच्या बैठकीत माझा आवाज चालायचा.

"मी असतो तर पहिल्या दिवशी त्याला बाहेर बसवला असता," तो म्हणाला. पुढेही तो काहीतरी बोलत होता. माझ्या कानात शिरलं नाही.

चहा आला. त्याने कप माझ्या हातात दिला, खुर्ची जरा पुढे ओढली आणि विचारलं, "मग काका, आज इकडे कसं काय येणं केलंत?"

दार सताड उघडं होतं.

"काही नाही रे," मी म्हणालो. "सहजच. इकडे एक काम होतं."

त्याच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. चहा मात्र संपवला.

गावात कमिटी वाट बघत बसली होती. मी सांगितलं, "नाही म्हणाला." एवढ्यावर भागलं असतं. पण आमच्याकडे नुसत्या नकारावर कोणाचं पोट भरत नाही.

"नाय म्हंजे? बोलला काय?" अध्यक्ष म्हणाले.

मग मी ते वाक्य काढलं. तुमच्या चिखलात आता मी पाय घालत नाही. आणि मग अध्यक्ष आणि खजिनदार कित्येक महिन्यांनी एकमेकांशी थेट बोलले. दोघांनी मिळून त्याला शिव्या घातल्या. त्या रात्री बांधाचं भांडणही मिटलं. माझ्या खोटेपणाचं तेवढं एक पुण्य कोणी खात्यावर मांडणार असेल तर माझी हरकत नाही.

वाक्य गावभर गेलं. कोणी कोणाच्या साखरपुड्याला आलं नाही की लोक म्हणायचे, "त्याला आता आपला चिखल नाय चालत." जत्रेला आमच्याकडे माजी खेळाडूंचा सामना असतो. एकेकाचं नाव भोंग्यावर पुकारतात आणि तो पळत मैदानात येतो. म्हातारे होऊन पोट सुटलं तरी त्या एका हाकेसाठी लोक लांबून येतात. त्याचं नाव पुकारणं बंद झालं. गोलमध्ये अध्यक्षांचा मेहुणा उभा राहायला लागला, ज्याने आयुष्यात फक्त दुधाचा कॅन अडवला होता. गोलकीपर मात्र दरवर्षी यायचा. बायको-पोरीला घेऊन, शर्ट इस्त्री करून, दोरीच्या बाहेर उभा. मी दुसऱ्या बाजूला जाऊन बसायचो.

आणि त्याला परत कोणी विचारलंही नाही, कारण नकार आलेल्या घराची पायरी पुन्हा चढायची नसते. माझं खोटं या रिवाजाच्या आधारावर सुरक्षित होतं.

गेल्या वर्षी क्लब खालच्या गटात जायच्या बेताला आला. पुन्हा मॅनेजर काढला, पुन्हा बैठक बसली. खजिनदारांनीच विषय काढला. "त्या गोलकीपरला ईचारायला काय हरकत हाय?"

"नाक कापून घेशील?" अध्यक्ष उसळले. "त्याच्या पायाला आपला चिखल लागतो! मी जिवंत हाय तवर त्याचं नाव नाय काढायचं."

मी उभा राहिलो. बोलायला म्हणून उठलो की पळायला, मलाच ठाऊक नाही. "तो नाही म्हणालाच नव्हता," मी म्हटलं. "मी विचारलंच नव्हतं."

मग नातवाचं, पोह्यांचं, सगळं सांगितलं.

"मंग ते वाक्य?" खजिनदार म्हणाले.

"माझं."

"झकास होतं पन, दादा."

अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं. "ह्ये बाहेर नाय जायचं. क्लबचं हसं होईल. आपुन सांगू, त्यानं माफी मागितली, आमी मोठ्या मनानं माफ केलं. काम झालं."

सगळ्यांना पटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे इतके दिवस एकटे खोटं बोलत होतात, आता कमिटी घेऊन बोलणार."

दुसऱ्या दिवशी मी विरारला गेलो. एकटाच. दार त्याच्या बायकोने उघडलं. या वेळी पोहे नव्हते. पाणी आलं. तो बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. पाऊस नाही, भात नाही.

"आज कसं काय येणं केलंत, काका?"

"सहज नाही," मी म्हणालो, आणि सांगून टाकलं.

त्याला वाक्याचं ठाऊक होतं. पहिल्याच महिन्यात गावच्या एका वायरमनने त्याला येऊन ऐकवलं होतं.

"मग आलास का नाहीस? माझी गचांडी धरायचीस!"

"आणि काय सांगायचं? की मी नाही म्हणालेलो नाही, मला विचारा? म्हणजे स्वतःच स्वतःची मागणी घालायची? तुम्ही इतकी लग्नं जमवलीत काका, कुठल्या मुलीकडच्यांनी असं केलेलं बघितलंत?"

त्याच्या बायकोने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. "त्या दिवशी सकाळपासून तीन शर्ट बदलले यांनी. तुम्ही 'सहजच' म्हणालात आणि गेलात. दुपारी जेवले नाहीत. मला म्हणाले, पसंत नाही पडलो गं."

हे मी लिहिलं नसतं तरी चाललं असतं. पण राहवत नाही.

येशील का, असं मी विचारलं. सरळ, मधे काही न घालता, आयुष्यात पहिल्यांदा. तो यायला तयार होता. माफीची गोष्ट ऐकून मात्र तो हसायला लागला. "जे म्हणालो नाही त्याची माफीही मीच मागितली? वा! नाही काका. जत्रेला माझं नाव भोंग्यावर पुकारा. त्याआधी तुम्ही जे मला सांगितलंत ते तिथे सांगा. मग येतो."

अध्यक्षांनी भोंगा द्यायला नकार दिला. पण जत्रेत भोंगा फक्त क्लबचा नसतो. हरवलेली पोरं आणि चपला पुकारायला तो मैदानासमोरच्या देवळाच्या ओट्यावर असतो, आणि तिथे बसलेल्या पोरीचं लग्न मीच जमवलं होतं. मी माइक मागून घेतला. आधी तिच्या हातातली चिठ्ठी वाचली, गुलाबी फ्रॉकमधली मुलगी पाळण्याजवळ सापडली आहे म्हणून. मग म्हणालो, "आणखी एक सापडलं आहे. चिखलाचं ते वाक्य. त्याचा मालक मी आहे."

पुढचं सगळं सांगितलं. पाळणा थांबला होता की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. शेवटी मी गोलकीपरचं नाव पुकारलं. मैदानाच्या दोरीपाशी कोणीतरी शिट्टी मारली. मग तो दोरीखालून वाकून आत आला. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट नाहीत, सरळ त्या चिखलाच्या कोपऱ्यातून, मुद्दाम. मेहुण्याने गोल सोडला. आनंदाने सोडला.

अध्यक्ष माझ्याशी अजून बोलत नाहीत. जे बोलायचं ते खजिनदारांकडे बघून बोलतात.

मॅनेजरने पहिल्याच दिवशी माझ्या नातवाला बाहेर बसवलं. घरी येऊन नातू बूट काढत म्हणाला, "आजोबा, खरं सांगायला एवढं थांबला होतात, तर माझं खेळणं संपेपर्यंत थांबायचं ना."

"रागावलास?"

"नाही. ते म्हणाले, डावा पाय चांगला आहे तुझा, डोकं उशिरा पोचतं. उद्यापासून सहाला बोलावलंय." मग जरा थांबून म्हणाला, "म्हणाले, हे मी तुझ्या आजोबांना तेव्हाच सांगितलं होतं."

पोहे खाताना माझ्या कानात न शिरलेलं वाक्य ते होतं तर.

नव्या मॅनेजरचा पहिला सामना आम्ही हरलो. दुसराही. पूर्वी एवढ्यावर बैठक बसली असती. या वेळी खजिनदारांनी विषय काढला तर कमिटीतली माणसंच म्हणाली, स्वतः जाऊन, दोनदा पायरी चढून, भोंग्यावर पुकारून आणलेलं स्थळ आहे, असं कसं परत पाठवणार? तिसरा सामना बरोबरीत सुटला. मी आता दोरीपाशी बसतो, त्याच बाजूला. चेंडू चिखलाच्या कोपऱ्यात गेला की गावची पोरं माझ्याकडे बघून ओरडतात, "काय आजोबा, घालता का पाय?" आणि मैदानातून मॅनेजर वळून बघतो.

मी चप्पल काढून ठेवतो. काय सांगावं, बोलावेल कधी.