लामाअण्णांनी नेलेलं हिरवं कापड

मी फारसा भाविक माणूस नाही. दुकान उघडताना उदबत्ती लावतो, श्रावणात एकदा गावातल्या मठात जाऊन येतो, तेवढंच. मला खोड आहे ती प्रश्न विचारायची. गिऱ्हाईक कापड बघत असताना मी त्याच्या गावची, पिकाची, सोयरिकीची चौकशी करत बसतो आणि आमची मंडळी त्यावरून मला बोलतात. पण तीन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की हा काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही, उरली आहे ती राखू. त्या दिवशी माझे सगळे प्रश्न आटले. एकच राहिला. हे घरी सांगायचं का?

मी सांगितलं नाही. आमचं कापडाचं दुकान हुबळीच्या दुर्गदबैलात. आजोबा मिरजेकडून आले आणि इथेच राहिले. त्या बाजारात मी एक गोष्ट पाहिली होती. शेजारच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराची नजर गेल्यावर लोक त्याच्याशी मोठ्यानं बोलायला लागले, जणू त्याचे कानच गेले होते. मग त्याला न विचारता सौदे ठरायला लागले, आणि एक दिवस त्याची गादी रिकामी दिसली. माझं तसं होऊ नये, एवढीच माझी धडपड होती. माझ्या हाताला कापडाची ओळख होती. चिमटीत धरलं की सूत किती, भेसळ किती, हे मी सांगू शकायचो. रंग मात्र हाताला कळत नाही. त्यासाठी मी जागा पाठ केल्या. तिसऱ्या फळीवर डावीकडून दुसरा तागा मरून, त्याच्या खाली त्याच पोताचा बॉटल ग्रीन, असं सगळं डोक्यात. अडलं तर बसप्पा होताच, आमचा जुना माणूस. त्यालाही मी कळू दिलं नव्हतं. "जरा तो तागा काढ की" म्हटलं की काम भागायचं.

मरून कापडाचं आमचं एक कायमचं गिऱ्हाईक होतं. मुंडगोडजवळच्या तिबेटी वसाहतीतले एक वयस्क भिक्षू. मठातल्या लोकांची वस्त्रं शिवायचं काम त्यांच्याकडे. बाजार त्यांना लामाअण्णा म्हणायचा. ते स्वच्छ कन्नड बोलायचे, त्यामुळे आमचं सगळं बोलणं कन्नडमधूनच. असं गिऱ्हाईक मिळाल्यावर मी कशाला सोडतो? दर खेपेला चहा मागवायचा आणि काहीतरी विचारायचं. बोधिसत्त्व म्हणजे कोण, विचारलं तर म्हणाले, "ज्याला सुटता येत होतं, पण बाकीचे अजून अडकलेत म्हणून जो मागे राहिला, तो." तारादेवीचं एक छोटं चित्र त्यांच्या पिशवीत असायचं. देवी हिरव्या रंगाची, एक पाय दुमडलेला, दुसरा खाली सोडलेला. असं का, विचारलं तर म्हणाले, "हाक आली की लगेच उठता यावं म्हणून." मी म्हटलं, मीही गादीवर असाच बसतो, तागा काढायला उठावं लागतं ना. ते खूप हसले. एकदा त्यांनी मला शून्यता समजावली. या कापडातला एकेक धागा ओढून काढत गेलो तर शेवटी कापड कुठे राहिलं ते दाखवा, म्हणाले. तीस वर्षं कापड विकलेल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे धाडसच. मी दोन दिवस त्या गोष्टीवर विचार केला आणि नाद सोडून दिला.

गेल्या वर्षी पौषात बसप्पा भाचीच्या लग्नासाठी कलघटगीला गेला होता. दुपारी लाइट गेलेली. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं, शेजारचा व्यापारी गप्पा मारत बसलेला, आणि तेवढ्यात लामाअण्णा आले. चाळीस मीटर मरून हवं होतं. मी उठलो, फळी मोजली, तागा काढला, पोत बघितला. तोच होता. मापून टर्रकन फाडला. कापड त्यांच्यापुढे ठेवलं तेव्हा त्यांनी त्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "सरि अण्णा, कोडि." बरं अण्णा, द्या. घडी घालून घेऊन गेले. पंधरा दिवसांत परत आले आणि परत मरूनच मागितलं. एवढ्यात संपलं, विचारलं तर म्हणाले, "कमी पडलं." त्या खेपेला त्यांनी स्वतः तागा बोटानं दाखवला. मला नवल वाटलं, पण चार गिऱ्हाइकांत विचारायचं राहून गेलं.

उन्हाळा लागला तोवर माझी नजर आणखी आक्रसली. समोरचं माणूस नळीतून बघावं तसं दिसायचं, कडेचं सगळं धूसर. रात्री अंथरुणावर पडलो की छातीत धडधडायचं. मी देवाला बोल लावत होतो, नवसही बोलत होतो, दोन्ही एकाच वेळी. अशात आठवलं, लामाअण्णा एकदा औषधबुद्धाबद्दल बोलले होते. निळ्या रंगाचा बुद्ध, हातात हिरड्याची फांदी. आपला हिरडा तिथे कसा पोचला, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. आता वाटलं, त्याच्यापुढे एकदा डोकं ठेवून बघावं. बायकोला म्हटलं, चल, एक दिवस फिरून येऊ, लामाअण्णा किती दिवस बोलावतायत. ती लगेच तयार झाली. बाहेर जायचं म्हटलं की तिला कारण लागत नाही.

तडसवरून जाणाऱ्या बसनं आम्ही मुंडगोडला उतरलो, तिथून रिक्षानं वसाहतीत. लामाअण्णा दारातच उभे होते. चांगल्या वीसेक पायऱ्या चढून प्रार्थनेच्या दालनात गेलो. माझा एक हात कठड्यावर होता, त्यामुळे चढताना निभावलं. आत तुपाच्या दिव्यांचा वास होता आणि कुठेतरी खर्जातलं पठण चाललं होतं. मला दिसत होते ते नुसते उजेडाचे ठिपके. मी बायकोला म्हटलं, काय काय आहे सांग, मला चष्म्याशिवाय नीट दिसत नाही. चष्मा माझ्या खिशातच होता.

ती वर्णन करायला लागली. तिचं वर्णन म्हणजे थोडे देव, बाकी कापडं. "अहो, मधोमध मोठी मूर्ती आहे. किती हात म्हणून सांगू, पंख्यासारखे पसरलेत. आणि बघा की, एकेका तळव्यावर डोळा आहे." मग तिचा आवाज चढला. "आणि या बाजूला तुमची ती हिरवी देवी. तिच्या दोन्ही अंगांना काय सुरेख पडदे लावलेत हिरवे. कापड आपल्या दुकानातलं वाटतंय." एवढं सांगून ती बाहेर प्रार्थनेची चक्रं फिरवायला गेली. मघापासून तिचं सगळं लक्ष तिकडेच होतं.

मी चाचपडत पुढे गेलो आणि पडदा हातात धरला. दुसऱ्या क्षणाला ओळखलं. तोच पोत, तीच घट्ट विणलेली किनार. हे कापड लामाअण्णांनी माझ्याकडून एकदाही हिरवं म्हणून नेलं नव्हतं. हे ते चाळीस मीटर होते, मी मरून म्हणून फाडलेले. आमच्या धंद्यात फाडलेलं कापड परत होत नाही, पण दुकानदाराची चूक असेल तर गिऱ्हाईक बोलतंच, आणि बोलायलाच हवं.

लामाअण्णा शेजारी येऊन उभे राहिले. मी विचारलं, "तेव्हा का नाही बोललात?"

"चार माणसं बसली होती," ते म्हणाले. "तुम्ही बोटांनी फळी मोजत होता, तेव्हाच मला कळलं. भिक्षूंची वस्त्रं पंधरा दिवस उशिरा झाली तरी चालतात."

"आणि मठात काय सांगितलंत?"

"मला हिरवं मिळालं, एवढंच. मोठे लामा म्हणाले, मग तारेला द्या."

ज्या दिवशी मला वाटत होतं की मी सगळ्यांना चकवून नीट धंदा करतोय, त्या दिवशी एक माणूस माझी अब्रू घडी घालून आपल्या पिशवीतून घेऊन गेला होता. रडू आलं, आणि ते मी आवरलं नाही. थोड्या वेळानं माझी खोड जागी झालीच. मी विचारलं, त्या मूर्तीच्या हातांना डोळे कशाला? मदत करायची तर हात पुरेत की. ते म्हणाले, "तो अवलोकितेश्वर. न बघता हात पुढे केला तर तो समोरच्याला लागतो. आधी बघायचं, मग द्यायचं." मग म्हणाले, त्याच्याच डोळ्यातल्या पाण्यातून ही तारा झाली, अशी आमच्याकडे कथा आहे. जगाचं दुःख बघून त्याच्यासारख्यालाही रडू आलं. मला हे ऐकून फार बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

औषधबुद्धापुढे मी उभा राहिलो तेव्हा मागायचं काय ते सुचेना. डोळे मागायला आलो होतो, ते मागितलेच नाहीत. नुसतं डोकं टेकलं.

बायको परत आली ती खुशीत. पडद्याला हात लावून म्हणाली, "आपलंच कापड आहे हो. देवीसाठी म्हणून मुद्दाम दिलंत ना? मला एका शब्दानं बोलला नाहीत." तिच्या आवाजात माझं एवढं कौतुक होतं की ते घ्यावं असं वाटलं. किती सोपं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. लामाअण्णा शेजारीच उभे होते. त्यांनी या खेपेलाही माझी चूक झाकली असती, याची मला खात्री होती, आणि म्हणूनच मला ते जमेना.

"मुद्दाम नाही दिलं," मी म्हटलं. "मरून समजून दिलं. मला रंग दिसत नाही. बाजूचंही दिसत नाही. डोळे जातायत माझे."

तिनं विचारलं, "कधीपासनं?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं एका घरात राहून मला सांगितलं न्हाई. मी कोण परकी होते का?" आणि ती तरातरा निघून गेली. मला वाटलं होतं ती रडेल, मला जपायला लागेल. ती चिडली होती. खरं सांगायचं तर मला त्या रागाचा आधार वाटला, कारण ती माझ्याशी नेहमीच्याच आवाजात भांडत होती.

मी दाराशी आलो. बाहेर ऊन एवढं होतं की समोर नुसता पांढरा पट्टा दिसत होता. पायऱ्या कुठे सुरू होतात कळेना. कठडा कोणत्या बाजूला ते आठवेना. एरवी मी तिथे चपलेचा अंगठा शोधण्याचं सोंग केलं असतं, कुणाच्या तरी मागोमाग उतरलो असतो. त्या दिवशी मी उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हटलं, "अगं, मला पायऱ्या दिसत नाहीत. हात दे."

खाली जाणाऱ्या तिच्या चपलांचा आवाज थांबला. मग तो वर यायला लागला. तिनं माझा हात धरला, धुसफुसतच, आणि म्हणाली, "पायरी. अजून एक पायरी." खाली पोचेपर्यंत ती दुसरं काही बोलली नाही.

माझी नजर सुधारलेली नाही. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढी टिकली तर समाधान माना. जे घडलं त्याला चमत्कार म्हणावं की एका म्हाताऱ्या शिंप्याचा चांगुलपणा, यावर मी वाद घालत नाही. ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. मी त्या हिरव्या देवीला रोज हात जोडतो, आणि शरण जाणं म्हणजे काय याचा मला तिच्या दारातल्या पायऱ्यांवर थोडा अंदाज आला, एवढं कबूल करतो. देवापुढे वाकणं मला कधीच अवघड गेलं नव्हतं. जवळच्या माणसाकडे हात मागणं अवघड होतं. ज्या कुणी मला तिथवर आणलं, त्यांचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत.

परवा एक बाई ब्लाउजपीस बघायला आल्या. मी तागा उघडून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "बाई, पोत उत्तम आहे, त्याची खात्री माझी. रंग तेवढा तुम्ही मला सांगा, मला दिसत नाही." त्यांनी कापड उचललं, दाराकडे धरलं आणि सांगायला लागल्या. डाळिंबी आहे म्हणाल्या, पण उजेडात थोडी जांभळी झाक येते, आणि किनारीला अगदी बारीक सोनेरी रेघ. तो तागा माझ्या दुकानात सहा महिने पडून होता, आणि त्याला सोनेरी रेघ आहे हे मला त्या दिवशी कळलं.