अविनाशच्या गॅरेजमधले जर्मन तक्ते

अविनाशच्या बायकोचा, माधवीचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये होतो. "अविनाश गेला रे..." एवढंच ती म्हणाली. आदल्या रविवारी तर तो फोनवर ओरडत होता, "पटकन ये, कार्ब्युरेटर आलाय!" हातातला चहा तसाच टाकून गेलो होतो मी.

कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनाच्या त्या भागाचं चित्र. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यातल्या नव्या पोरांना शिकवण्यासाठी छापलेले मोठाले तक्ते अविनाश जमवायचा. इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबाच्या युनिव्हर्सिटीत तो इंजिनीअरिंग शिकवायचा, आणि घरी आल्यावरही त्याच्यातला मास्तर काही स्वस्थ बसत नसे. रणगाड्याचं इंजिन, घोड्याचा नाल, गॅस मास्क... नवा तक्ता आला की स्वारी भिंग घेऊन ओणवी. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली की अलीकडची नक्कल, चेहरा पडलाच. अस्सल निघाला की मला पुन्हा चहा. "वाचता न येणाऱ्यालाही कळेल बघ," तो म्हणायचा. एकदा मी विचारलंच, "पण शिकवत होते कशासाठी?" तो म्हणाला, "तेच तर. इतकं सुंदर शिकवलं, आणि कशासाठी..."

माधवीला ते डोळ्यांसमोर नको असत. कोपऱ्यातला नाझी गरुडाचा शिक्का बघून तिच्या अंगावर काटा यायचा. "माझ्या घरात हे लागणार नाही," तिने सांगून टाकलं होतं. शेवटी गॅरेजमध्ये चपटे खण आले आणि तक्ते तिथेच राहिले.

तो गेल्यावर त्यांचा मुलगा मेलबर्नहून फोनवर म्हणाला, "मम, जस्ट बिन देम." मित्राचं आयुष्यभराचं वेड कचऱ्याच्या रेड बिनमध्ये? मी चार ठिकाणी फोन केले. अखेर एका युद्धसंग्रहालयातल्या बाई सगळे तक्ते घ्यायला तयार झाल्या आणि परवा येऊन ते गाडीत भरू लागल्या. माधवी गॅरेजकडे फिरकलीही नव्हती. शेवटच्या खणातला एक तक्ता मात्र बाईंनी बाजूला ठेवला. "सॉरी, धिस वन इज डॅमेज्ड." इंजिनाच्या चित्रावर हळदकुंकवाचे डाग होते.

तेवढ्यात माधवी दारात आली. "आईंनी लावलंय ते," ती म्हणाली. एका दसऱ्याला सासूबाई इथे होत्या. गॅरेजमधले पाने, ड्रिल, गाडी यांची पूजा करता करता टेबलावर पसरलेल्या या इंजिनालाही त्यांनी हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं.

"मला वाटलं, आता हा घर डोक्यावर घेणार. तर वेडा हसतोय! म्हणाला, राहू दे गं, या इंजिनाचं पहिल्यांदाच कुणीतरी भलं चिंतलंय."

बाईंची गाडी गेली. माधवीने तो तक्ता दोन्ही हातांवर घेतला आणि घरात आणला. एकेका भिंतीपाशी थांबून ती खिडकीकडे बघत राहिली.

"इथे ऊन येत नाही ना रे?" तिने विचारलं. "रंग उडतात म्हणायचा तो."