भुंग्याच्या गळ्यातला फेरा

उदगीरच्या मोंढ्यात सिद्रामप्पाचं भुसार मालाचं दुकान होतं. माणूस मवाळ, दारात आलेल्याला उपाशी धाडणारा नव्हे. लातूर जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली होती आणि पावसानं दुसऱ्यांदा दगा दिला होता. गल्लीत एक दिवसाआड टँकर यायचा. सिद्रामप्पाचं कुत्र्याचं पिल्लू, भुंग्या, घागरींच्या रांगेत घुसून बायकांच्या पायात पायात करायचं. बायका कुरकुरल्या, तेव्हा सिद्रामप्पानं नायलॉनच्या बारीक दोरीनं त्याला ओट्यावर बांधलं. आठ-दहा दिवसांत ते शहाणं झालं. मग सिद्रामप्पानं लोंबणारी दोरी कापली, गळ्यातला फेरा तसाच राहू दिला आणि विसरून गेला.

पिल्लू वाढलं, दोरी वाढली नाही. केसांखाली ती दिसेनाशी झाली. श्रावणात भुंग्या मान वाकडी धरू लागला, भाकरीला तोंड लावेना. सिद्रामप्पाची बायको लक्ष्मम्मा म्हणाली, दवाखान्यात न्या. दुसऱ्या कुत्र्यानं चावलं असंल म्हणत त्यानं केसांवरूनच तेलात कालवलेली हळद थापली. दहा दिवस रोज. अकराव्या दिवशी ओट्यावर अळ्या पडलेल्या दिसल्या, तेव्हा कुठं तो त्याला पोत्यात गुंडाळून ढोरांच्या दवाखान्यात धावला.

डॉक्टर हणमंतरावांनी केस कापले आणि हात थांबवला. मांसात रुतलेली दोरी चिमट्यानं उचलून त्यांनी विचारलं, "ही कुणी बांधली?"

"काय म्हाईत साहेब. मोकाट फिरत होतं, म्या उचलून आणलं."

डॉक्टरांनी त्याला भला माणूस म्हटलं, चहा पाजला. दोरी काढून अळ्या वेचेपर्यंत त्यानं भुंग्याला धरून ठेवलं, आणि भुंग्या त्याचंच मनगट चाटत होता.

पाणी उकळून, मीठ घालून, कोमट करून जखम धुवायची, माशी बसू द्यायची नाही, रोज पट्टीला यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या पाण्यासाठी सिद्रामप्पानं आपली अंघोळ सोडली. चौथ्या दिवशी दवाखान्यात बैल घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याला डॉक्टर कौतुकानं सांगू लागले, ह्या अप्पांनी मोकाट कुत्रं वाचवलं. सिद्रामप्पानं मान खाली घातली.

"साहेब, कुत्रं माझंच हाय. दोरी म्याच बांधली होती."

डॉक्टर पट्टी गुंडाळत राहिले. गाठ मारून म्हणाले, "पहिल्याच दिवशी कळलं होतं. मोकाट कुत्रं असं धरणाऱ्याचं मनगट चाटत नाही. तेव्हाच बोललो असतो, तर तुम्ही पुन्हा आला नसता."

जखम भरायला दीड महिना लागला. गळ्याभोवती केस मात्र परत आले नाहीत. दुकानात कुणी त्या खुणेबद्दल विचारलं, की सिद्रामप्पा हातातलं माप खाली ठेवून सगळं सांगायचा, हळद थापल्याचंही. लक्ष्मम्मानं त्याला त्यावरून कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं तो म्हातारपणीही म्हणायचा.