तीस टक्क्यांचा अण्णा

“बस! खाली बस! बस म्हणतो न्हवं!”

मी असा ओरडलो की समुद्रातल्या होड्या माघारी फिरल्या असतील. जिल्ह्याच्या दवाखान्यातली अख्खी रांग दारात गोळा झाली. पण माझा थोरला भाऊ, अण्णा, काही बसला नाही. टेबलाची कड धरून तो उठला, मग कडही सोडली आणि डॉक्टरीणबाईंना हात जोडले. सात वर्षं आपल्या पायांवर उभा न राहिलेला माणूस, आणि उभं राहायला त्याला नेमकी अपंगत्व मोजायची खोली सापडली!

अण्णा पडला तो सोप्पू, म्हणजे शेतात घालायचा हिरवा पाला, तोडताना. झाड एवढं उंच की पडता पडता त्याने एक विडी ओढून संपवली, असं मी सगळीकडे सांगतो. खरं म्हणजे तीन पुरुष उंच होतं. कंबर गेली. उजवा पाय पार मेला, डाव्यात थोडी धुगधुगी राहिली. गेल्या थंडीत तो मेलेला पाय चुलीतल्या निखाऱ्याला लागला. अण्णाला कळलं ते वासावरून. जखम भरेना. मोठ्या शहरात ऑपरेशन केलं तर पाय वाचेल, आणि अपंगांच्या सरकारी विम्यात ते फुकट होईल, असं आम्हाला सांगितलं. विम्याला दाखला हवा, आणि दाखल्यावर निदान चाळीस टक्के हवेत.

“चाळीस?” मी म्हटलं. “आमचा अण्णा नव्वदाच्या खाली ऐकायचा न्हाई!”

आठ दिवस मी त्याची तालीम घेतली. “मान टाक. तोंड वाकडं कर. लाळ गळली तर आणि बरं.”

“लाळंचं काय काम? पाय गेलाय माझा.”

“मग निदान हलू नको.”

“व्हय,” म्हणाला.

नंदिगड्डा गावाच्या वर डोंगरात आमची वाडी. तिथून रस्त्यापर्यंत चौघांनी त्याला बांबूला टांगलेल्या कांबळ्यातून आणला. वाटेत वाघ आडवा आला. मी त्याला दाखल्याचा अर्ज दाखवला, तर पहिलं पान वाचूनच तो पळाला.

डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या, स्वभावाने भल्या. पाय बघायला त्या खुर्चीतून उठल्या. आणि अण्णाही उठला.

“ओरडता कशाला?” बाई मला म्हणाल्या. “छान उभे राहतात की!”

तेवढ्यात अण्णाचा गुडघा गेला आणि तो माझ्या अंगावर कोसळला. त्याला सावरत मी म्हटलं, “बाई, सात वर्षांत आज पहिल्यांदा उभा राहिला बघा.” जन्मात एकदा मी खरं बोललो. बाईंनी माझ्याकडे बघितलं ते वाघाची गोष्ट ऐकताना लोक बघतात तसं. आणि तीस टक्के लिहिले.

फेरतपासणीचा अर्ज केला. तारीख येईपर्यंत जखम काळी होत वर चढली. पाय कापायला दाखला लागला नाही. कापणं जवळच्या सरकारी दवाखान्यात असंच फुकट होतं. वाचवणं तेवढं विम्याच्या कार्डावर होतं, आणि कार्ड दाखल्यावर.

दुसऱ्या खेपेला मी दाराबाहेर गप्प उभा राहिलो. आत कुणी काही विचारलंच नाही. टक्के भरपूर मिळाले, कार्ड आलं. वैनीने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून तुळईला टांगलं.

अण्णा ओसरीवर बसून टोपलीसाठी बांबूच्या कांबी सोलत होता. मी शेजारी बसलो. मग विचारलं, “त्या दिवशी उठलास कशाला रं?”

त्याने कांब उलटी केली आणि दुसऱ्या बाजूने सोलायला घेतली.

“बाई उभ्या हुत्या,” म्हणाला.